दौलतआबांची दोरी

माझ्या आयुष्यातला सगळ्यात ठळक मूर्खपणा मी एका ओल्या परकराच्या मदतीने केला. लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले, त्याच संध्याकाळी. वैशाखातला एसटीचा प्रवास, अंगावर धुळीचा थर. आल्या आल्या मी मागच्या न्हाणीत शिरले. न्हाऊन, कपडे पिळून बाहेर पडले तर बोळीत छताखालून एक जाड दोरी ताणून बांधलेली दिसली. मनात म्हटलं, वा! इथली माणसं शहाणी दिसतात, नव्या नवरीच्या वाळवणाची सोय आधीच करून ठेवलीय. माझा डाळिंबी परकर मी त्या दोरीवर टाकला, टोकं ओढून सारखी केली आणि केस विंचरत पुढच्या ओट्यावर गेले.

ओट्यावर जेवणाची पंगत बसली होती. पोरंटोरं धरून पंधरा-वीस माणसं. ताटात शेवभाजी वाढलेली, भाकरीची वाफ अजून निघतेय, आणि एकाचाही हात ताटाला लागलेला नाही. कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही. सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, जेवणाआधी मौन पाळायची ही धुळ्याच्या ख्रिस्ती लोकांची रीत असणार. आमच्या जळगावच्या मंडळीत असलं काही नव्हतं. पण मी बी.ए. झालेली, मास्तरांची मुलगी. कुठेही गेलं तरी आपण मागे पडायचं नाही, असा माझा बाणा. मीही हात जोडले, मान खाली घातली आणि सगळ्यांपेक्षा जास्त गप्प बसले. समोरच्या ओळीत बसलेला माझा नवाकोरा नवरा भुवयांनी काहीतरी सांगू पाहत होता. त्याला मी डोळ्यांनीच दटावलं, प्रार्थनेत चाळे नकोत.

असा बराच वेळ गेला. भाजीवरचा तवंग थंड होऊन बसला. शेवटी पंगतीच्या टोकाला बसलेला एक उंच, काळासावळा, खाकी पँटीतला माणूस अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बोल वं पोरी, काय व्हयनं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"काही नही कसं? घंटी वाजनी ना."

"मी नाही वाजवली."

त्याने बायकोकडे पाहिलं. रिबकाअक्का उठल्या, मागे जाऊन आल्या. आल्या तेव्हा हातात काही नव्हतं, पण पदर तोंडात कोंबलेला होता आणि खांदे हलत होते. त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. तो माणूस एवढासाही हसला नाही. डोळे मिटून म्हणाला, "देवबापा, बठ्ठा उनात. उनात नही त्यासले सुखरूप आन. आमेन." सगळे आले, जे आले नाहीत त्यांना सुखरूप आण, एवढीच प्रार्थना. मग हात वर करून त्याने डोक्यावरची दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. त्यासरशी पंगतीत जे हसू फुटलं, ते गल्लीपलीकडे शांतीलालशेठच्या किराणा दुकानात ऐकू गेलं. हे मला दुसऱ्या दिवशी खुद्द शांतीलालशेठनेच साखर मोजता मोजता सांगितलं.

तो माणूस म्हणजे दौलतआबा. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून आधी स्वतःचं हसं करून घेतलं, कारण त्यांची शिस्तच तशी होती. दुसऱ्याची गोष्ट सांगायची असेल तर आधी आपली एक सांगायची, मग तोंड उघडायचं.

तेव्हा ते आबा झाले नव्हते. चाळिशीतले दौलतभाऊ होते, एसटीत ड्रायव्हर. मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. चर्चच्या पाळकसाहेबांशी ते शुद्ध मराठी बोलत, शाळेच्या हेडमास्तरांशी त्याहून शुद्ध बोलत, आणि देवाशी अहिराणीत. "तो आपला घरना शे," म्हणत. नोकरीची बरीच वर्षं त्यांना मुक्कामी गाडी होती. म्हणजे संध्याकाळी शेवटची गाडी घेऊन दोंडाईच्याकडच्या एखाद्या खेड्यात जायचं, गाडीतच झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परतायचं. अशा ड्रायव्हर-कंडक्टरला गाव जेवू घालतं. आज पाटलाकडून भाकरी येणार, उद्या भिल्लांच्या भिलाटीतून, परवा एखादी म्हातारी स्वतःच ताट झाकून घेऊन येणार. "मी भाकरले कधी जात इचारी नही," आबा सांगत, "आन् भाकरनी बी माले इचारी नही."

त्यातूनच त्यांचं घर उभं राहिलं. धुळ्याच्या देवपुरात गल्लीच्या आतल्या अंगाला त्यांनी आणि आणखी दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक जागा घेतली. सहा खोल्या, मध्ये अंगण, पुढे लांबलचक ओटा, आणि स्वयंपाकघर एकच. सकाळी एकत्र भजन, संध्याकाळी एकत्र जेवण, पगार एकत्र, दुखणी एकत्र. कोणी मठ म्हणालं तर आबांना राग येई, आश्रम म्हणालं तर हसू येई. घराचं नाव त्यांनी ठेवलं 'मुक्काम'. "इतल्या गावस्नी माले मुक्काम दिन्हा," ते म्हणत, "आते मनं घर मुक्काम." आमचे हे, म्हणजे सुधाकर, देवपुरातल्या शाळेत शिक्षक होते आणि लग्नाआधीपासून इथेच राहत होते. लग्न ठरताना यांनी मला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावत होते. माझं सगळं लक्ष यांच्या मिशीकडे होतं.

आता ती दोरी. जुन्या एसटीत छताखालून दोरी जायची आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी असायची. कंडक्टरने एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की हाकायची. भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी आबांनी मागून आणली, ओट्यावर टांगली, आणि तिची दोरी साऱ्या घरातून फिरवून थेट न्हाणीच्या बोळीपर्यंत नेली. नियम असा, की मुक्कामात कोणाचंही बोलणं हाताबाहेर जायला लागलं, कोणाला काही टोचलं, सहन होईनासं झालं, तर त्याने दोरी एकदा ओढायची. मग तो लहान असो की मोठा. घंटी वाजली की सगळ्यांनी जिथे असतील तिथे गप्प व्हायचं. ओढणाऱ्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही. त्याचं संपलं की त्यानेच दोनदा ओढायची आणि गाडी पुढे. कोणाला ताटावरून उठून जायचं असेल तर त्याचीही मुभा. त्याची वाट अडवायची नाही, समजूत काढायला मागे धावायचं नाही. "उतरनाराले पहिले उतरू द्या," हे आबांचं त्यावरचं एकच वाक्य. चढणारे दारातच गर्दी करतात, त्यामुळे ना उतरता येतं ना चढता येतं, असं त्यांचं अनुभवाचं म्हणणं.

आणि मी पहिल्याच दिवशी घंटी वाजवून, "काही नाही" असं म्हणून बसले होते. मुक्कामात नवीन कोणी राहायला आलं की आबा ही गोष्ट सांगणारच. पण सभ्य माणूस! परकर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "सुधाकरनी बायको उनी, आन् तिनी गाडीले लाल झंडी दाखाडी," एवढंच. चाळीसेक वर्षं तो परकर मुक्कामात झंडी म्हणूनच वावरला.

घंटीचे फायदे मी पुढे पुष्कळ पाहिले. विल्सनमास्तर नावाचे एक गृहस्थ आमच्यात राहत, पेटी वाजवत. पेटीतला भाता आपल्या मनाचा नसला तरी सूर आपल्या मनाचे लावत. एकदा नाताळच्या भजनांच्या तालमीत यांचं आणि त्यांचं पट्टीवरून असं जुंपलं की घंटी आधी यांनी ओढली, मग मास्तरांनी, मग पुन्हा यांनी. आबा म्हणाले, "आपली गाडी आज दर खांबले थांबी राहिनी. चालत ग्या अस्तात तरी पोचतात." दोघेही हसले आणि पट्टी खालची धरली गेली.

आणखी एकदा परगावचे पाळकसाहेब पाहुणे आले होते. जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी सुरू केली ती थांबेचना. जग झालं, देश झाला, जिल्हा झाला, दाल-बट्टीतली बट्टी दगड व्हायला लागली. तेवढ्यात टिंग. आमची शुभा, तेव्हा एवढीशी, दोरीला लोंबकळत होती. साहेब डोळे मिटलेलेच ठेवून थांबले. आबांनी शुद्ध मराठीत खुलासा केला, "साहेब, गाडी थांबली आहे. प्रवाशाचं काय म्हणणं आहे ते ऐकावं लागतं." शुभा म्हणाली, "मला शू लागली." ती जाऊन येईपर्यंत डबल बेल कोण देणार? साहेब तसेच थांबले. ती आली, टाचा वर करून दोरी दोनदा ओढली, तोवर साहेब कुठपर्यंत आले होते ते त्यांच्याच लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने "आमेन" म्हटलं. जाताना आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दौलतराव, आमच्या उपासनामंदिरात ही लावू नका म्हणजे झालं."

शांतीलालशेठला आमच्या घंटीचं फार कौतुक. नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे करंज्या जात, आणि त्यांच्यासाठीचा घाणा रिबकाअक्का वेगळ्या धुतलेल्या कढईत, दिवस मावळायच्या आत काढत. ते दुकानातून ओरडून विचारायचे, "दौलतभाऊ, आज कितीदा थांबली?" एकदा त्यांच्या दोन्ही मुलांचं बिनसलं तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने येऊन म्हणाले, "भाऊ, घंटी दोन दिवस उसनी द्या ना." आबांनी दिली. तिसऱ्या दिवशी शेठ ती परत घेऊन हजर. "पोरं राहिली बाजूला. शेठाणीने कालपासून एक घंटी वाजवून ठेवलीय आणि दुसरी द्यायचं नाव नाही. अजून बोलतेच आहे."

हे सगळं मी आता हसत लिहिते. तेव्हा हसत नव्हते. तेव्हा मला मुक्कामातून बाहेर पडायचं होतं. मला हवं होतं तरी काय? माझी एक चूल, माझा एक साखरेचा डबा आणि आतून कडी लावता येईल असं एक दार. इथे माझा कंगवा सकाळी तिसऱ्याच डोक्यात असायचा. चहा पातेलंभर उकळायचा, त्यात आलं इतकं की घसा खाकरावा. मी जरा रुसून खोलीत बसले तर कोणीतरी येऊन शेजारी मेथी निवडायला बसायचं. रुसायलासुद्धा एकान्त नाही! मी यांच्यामागे लकडा लावला. हे म्हणाले, "माझा जीव इथे आहे. पण तुझा नसेल तर ओढून ठेवणार नाही. दौलतभाऊंना मात्र तू सांग."

मग मी तयारीला लागले. आबा काय काय म्हणतील याची मी मनाशी उजळणी केली. ते त्यागाविषयी बोलतील, प्रीतीविषयी बोलतील, मला लाज आणतील. प्रत्येकाला मी उत्तर बसवलं, कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला बसवायचे तसं. हातवाऱ्यांसकट. आणि एका संध्याकाळी पंगतीत उठून उभी राहिले, दोरी ओढली आणि म्हणाले, "मला उतरायचंय."

सगळ्यांचे हात ताटावर थांबले. रिबकाअक्कांच्या हातातली पळी तशीच राहिली. आबा माझ्याकडे बघत होते. मी छाती भरून श्वास घेतला, पहिल्या उत्तरासाठी. ते म्हणाले, "कोठे?"

"जुन्या धुळ्यात. पेठेत खोली पाहिलीय."

"कडी शे ना दारले?"

"आहे."

"मंग ठीक शे. उतरनाराले पहिले उतरू द्या." आणि भाकरी मोडली. माझं सगळं भाषण माझ्यापाशीच राहिलं. इतकं चांगलं भाषण मी पुन्हा कधी केलं नाही, आणि तेही वाया गेलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी आमचं सामान हातगाडीवर चढवलं आणि पांझरा नदीचा पूल ओलांडून स्वतः ढकलत नेलं. मी मागून, हातात आरसा आणि देवाचं वचन लिहिलेली चौकट घेऊन, नाक वर करून. खोलीत सामान लागल्यावर त्यांनी दाराची कडी दोनदा लावून-काढून पाहिली. "चांगली शे," म्हणाले. निघताना मात्र उंबऱ्याशी थांबले. "ड्रायव्हर उतरनाराले हात धरी उतारत नही," ते म्हणाले. "पन आरसा देख्याबिगर गाडी हलाडत बी नही." मला वाटलं, चला, शेवटी एक सुविचार निघालाच.

पहिले काही दिवस मी कडीशी खेळले. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. वेलदोड्याचा चहा, माझा कंगवा माझ्याच डोक्यात. मग अडचणी सुरू झाल्या. माझ्या हाताला आता दोघांचा स्वयंपाक येत नव्हता. भाजी टाकली की गल्ली जेवेल एवढी व्हायची. आणि ती जेवायला घरात होतं कोण? हे संध्याकाळच्या प्रार्थनेला मुक्कामात जायचे आणि तिथून तृप्त ढेकर देत परत यायचे. "थोडंसं घेतलं, आग्रह झाला," असं म्हणायचे. मी कडी लावलेल्या दाराआड, साखरेच्या डब्याशेजारी बसून एकटी जेवायची. भांडायलासुद्धा कोणी नव्हतं. यांच्याशी भांडण म्हणजे उशीवर बुक्के मारणं. एकदा बोलता बोलता माझा हात वर गेला, दोरी शोधायला. वर नुसती तुळई होती.

थंडी पडली. आमच्या खानदेशात थंडीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात आणि भरीत करतात, आणि ते कोणी दोघांसाठी करत नाही. भरीत हे गर्दीचं जेवण आहे. तरी मी हट्टाने केलं. स्टोव्हवर वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या, डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि अजून सांगते. डबा भरला आणि नुसतं देऊन येऊ म्हणून पूल ओलांडून देवपुरात गेले.

गल्लीच्या वळणावर पाय थांबले. आत जाऊन म्हणायचं काय? भाषण तर जुनंच शिल्लक होतं, आणि ते उलट्या बाजूचं. परत फिरावं म्हणून मी वळले, तोच आतून घंटी वाजली. एकदाच. मग आबांचा आवाज, "सरका रे. जागा करा."

मी ओट्यावर गेले. पंगत बसली होती, ताटं वाढलेली, कोणाचाच हात ताटाला लागलेला नाही. अगदी पहिल्या दिवसासारखं. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा झाली होती. मी बसले. रिबकाअक्कांनी डबा उघडून बोटाने चाखलं. "मीठ इसरनी," म्हणाल्या, आणि मीठ टाकून कालवलं. कुठे होतीस, का आलीस, राहणार का, कोणी काही विचारलं नाही. आबांनी डोळे मिटले. "देवबापा, बठ्ठा उनात," ते म्हणाले. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. न आलेल्यांना सुखरूप आण, हे वाक्य. ते त्या दिवशी त्यांनी म्हटलंच नाही. सरळ आमेन, आणि डबल बेल.

मी आल्याचं त्यांना आतून कळलं कसं, ते रिबकाअक्कांनी भांडी घासताना सांगितलं. ओट्याच्या खांबाला एसटीचाच एक जुना आरसा लावलेला होता. पूर्वी त्याचं तोंड नळाकडे असायचं, पाण्याच्या रांगेत कोण घुसतंय ते दिसावं म्हणून. आम्हाला पोचवून आले त्या दिवशी आबांनी पाना घेऊन त्याचं तोंड गल्लीच्या वळणाकडे फिरवलं. "रोज जेवन थंड व्हस," अक्का करवादल्या. "तो वळन देखत बसस, आन् बठ्ठा मन्हाकडे देखतस." संक्रांतीच्या आत आमचं सामान पूल ओलांडून परत आलं. हातगाडी पुन्हा आबांनीच ढकलली. मुक्कामातल्या आमच्या खोलीत आता दुसरं कुटुंब होतं, म्हणून आम्हाला भिंत घालून अर्धी खोली मिळाली. जागा पुरेल का, असं मी विचारलं, तर आबा म्हणाले, "गाडी कधी भरस नही, पोरी. सरकनारा कमी पडतस."

पुढे आबा निवृत्त झाले, रिबकाअक्का गेल्या, विल्सनमास्तरांची पेटी गेली आणि पाठोपाठ मास्तर. मुक्कामात नवी माणसं आली. एक नर्स, साक्रीकडची दोन शिकणारी मुलं, मोबाइल दुरुस्त करणारा एक जण बायको-पोरांसकट. ओट्यावर पत्रे जाऊन स्लॅब आला. घंटी आणि आरसा तेच. आता बिनसलं की पोरं आधी एकमेकांना ग्रुपवर लिहितात आणि मग दोरीकडे येतात. आबा म्हणायचे, "हाई तं आशे व्हयनं, गाडी पुढे गयी आन् घंटी मांगून उनी."

गेल्या हिवाळ्यात आबांनी खाट धरली. नव्वदीला टेकलेले, जेवण सुटलेलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता यांना हलवू नका, घरीच, माणसांत राहू द्या. आबाही तेच म्हणत होते, "माले आठेच ऱ्हाऊ दे." पण मी ऐकते होय! मी आता मुक्कामातली सगळ्यात जुनी बाई. मी ठरवलं, नाशिकला न्यायचं, मोठ्या दवाखान्यात. फोन केले, रुग्णवाहिका सांगितली. हे हळूच म्हणाले, "अगं, उतरणाऱ्याला..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मला काय करायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मला आबांना जाऊ द्यायचं नव्हतं.

ती रुग्णवाहिका आली नाही, कारण मीच फोन करून नको म्हटलं. आबा त्यानंतर थोडे दिवस ओट्यावरच होते, आरशात वळण दिसेल अशा बेताने लावलेल्या खाटेवर. सकाळच्या भजनाच्या वेळी, सगळे भोवती असताना गेले. शवपेटी फाटकातून बाहेर पडली तेव्हा शुभाच्या मुलीने ओट्यावर चढून दोरी दोनदा ओढली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. समोर शांतीलालशेठ दुकान बंद करून, टोपी हातात घेऊन उभे होते.

शुभा अजून विचारते, "आई, तू कधी कोणाचं ऐकत नाहीस, मग तेव्हा बेत कसा बदललास?" तर ते असं. फोन करायच्या आधीची दुपार. नाशिकची पिशवी भरून मी ओट्यावर आणून ठेवली होती आणि आत भाताची पेज गाळत होते. आबांच्या खाटेशी दोरीचं एक टोक बांधून ठेवलं होतं, काही लागलं तर म्हणून. त्यांनी ते कधी ओढलं नव्हतं. घंटी वाजली. एकदाच, आणि इतकी हलकी की आधी मला भास वाटला. सगळे आपापल्या खोल्यांतून आले आणि नियमाप्रमाणे गप्प उभे राहिले. मी पेजेची वाटी घेऊन पुढे गेले, चमचा भरून. आबांनी मान हलवून नको म्हटलं. मग पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तोच जुना वात्रटपणा होता. त्यांना दम लागत होता, तरी शब्द स्वच्छ आले.

"दोरीवरला तुना परकर काढी ले वं माय. माले उतरनं शे."